खेळ वेगळा, गल्ला वेगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला मोबाइलवरच्या खेळांविषयीचा लेख वाचला. नेमबाजीच्या आणि मारामारीच्या खेळांना लेखकाने बराच मान दिला आहे. त्यांत म्हणे चपळाई लागते, डावपेच लागतात, संघभावना लागते. तीन सारखे खडे जुळवून फोडायच्या खेळांची बोळवण मात्र त्यांनी तीन शेऱ्यांत केली: 'रिकाम्या डोक्याचा उद्योग', 'विचार न करता बोट फिरवणे' आणि 'निवृत्त मंडळी व गृहिणींचा विरंगुळा'. मी निवृत्त आहे, गृहिणीही आहे आणि हे खेळ जवळजवळ रोज खेळते. तेव्हा उत्तर द्यायचा हक्क मला लेखकानेच दिला आहे.

हा नाक मुरडण्याचा सूर नवा नाही. डिसेंबर 2023 मध्ये एका तेरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने वरून पडणारे ठोकळे रचायच्या टेट्रिस या खेळाची जुनी, निन्टेन्डोच्या यंत्रावरची आवृत्ती इतकी पुढे नेली की शेवटी खेळच गोठला. तिथवर पोचलेला तो पहिला माणूस होता. ती बातमी सांगताना ब्रिटनमधल्या एका वृत्तनिवेदिकेने त्याला जरा बाहेर मोकळ्या हवेत जाण्याचा सल्ला दिला. बुद्धिबळात कोणी पराक्रम केला की त्याला हवा खायला कोणी पाठवत नाही. आणि संपादक महोदय, आपण स्वतः रोज सुडोकू छापता.

असो. माझी सारी नोकरी बँकेत गेली. त्यातली बरीच वर्षे क्लिअरिंगला, म्हणजे बँकांमधल्या चेकच्या देवाणघेवाणीला, आणि लेजर बॅलन्सिंगला, म्हणजे खातेवह्यांच्या बेरजा जुळवायला. शाखेत संगणक यायच्या आधीचा तो काळ. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही की डिफरन्स सापडेपर्यंत कोणी उठायचे नाही. फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे, 54 चे 45 लिहिले गेले आहेत, असा आमचा पहिला तर्क असे. मग व्हाउचर आणि लेजर शेजारी शेजारी ठेवून नजर फिरवायची. वाचायचे नाही, नुसते बघायचे. वाचत बसले की चूक सापडत नाही. नुसती नजर ठेवली की ती आपोआप टोचते. टॅली लागली की टेबलाभोवतीच्या सगळ्यांचे खांदे एकदम खाली यायचे. रंगीत खडे जुळवताना मला मिळते ते सुख त्याच जातीचे आहे. फरक एवढाच की इथे वर कोणी ऑफिसर उभा नसतो.

'विचार न करता' हा शेरा मला सर्वांत जास्त लागला, म्हणून त्याचा हिशेबच मांडते. 2001 साली आलेला बिज्वेल्ड घ्या. या जातीच्या आजच्या बहुतेक खेळांचे घराणे तिथून सुरू होते, जरी तीच कल्पना 1994 मध्ये रशियातल्या शारिकी नावाच्या खेळात येऊन गेली होती. पट आठ बाय आठचा, म्हणजे 64 घरे. खडे सात प्रकारचे. शेजारच्या दोन खड्यांची अदलाबदल करायची, आडवी किंवा उभी. अशा अदलाबदली एकूण 112 होतात: आडव्या 56, उभ्या 56. त्यातून तिघांची रांग झाली तरच चाल मान्य, नाही तर खडे निमूट आपापल्या जागी परततात. म्हणजे समोर 112 शक्यता आहेत, त्यातल्या बहुतेक फुकट, आणि उरलेल्यांतली कुठली घ्यायची हा प्रश्न.

आता तीनच का? दोन का नाहीत, चार का नाहीत? हे मी एकदा पेन घेऊन मांडून पाहिले. डोळे मिटून खडे पसरले, तर शेजारशेजारचे दोन सारखे निघण्याची शक्यता सातांत एक. शेजारच्या जोड्या 112, म्हणजे सरासरी 16 जोड्या आयत्याच जुळलेल्या. दोनचा नियम असता तर खेळायला काही उरलेच नसते, सगळे आपोआप फुटत राहिले असते. सलग तीन घरांच्या रांगा 96, त्या जुळण्याची शक्यता 49 मध्ये एक, म्हणजे सरासरी दोनच तयार (त्या खेळ सुरुवातीलाच टाळतो). सलग चारच्या रांगा 80, शक्यता 343 मध्ये एक, म्हणजे चार-पाच वेळा पट मांडावा तेव्हा कुठे एखादी. चारचा नियम असता तर शोधता शोधता डोळे दुखले असते आणि माणसांनी खेळ सोडून दिला असता. तीनमध्ये मात्र बरोबर मधला मार्ग साधतो. जोड्या जागोजागी पडलेल्या असतात आणि तिसरा कुठेतरी एका घराच्या अंतरावर ताटकळत असतो. काम जवळजवळ झालेले आहे, एका हाताची गरज आहे, आणि तो हात तुमचा. या खेळांची सगळी गोडी माझ्या मते या 'जवळजवळ'मध्ये आहे.

खेळता खेळता नजर तयार होते ती अशी. नवखा माणूस रंग शोधतो. थोडे दिवस गेले की रंग मागे पडतो आणि आकृती दिसू लागते. जोडीच्या प्रत्येक टोकाला एक घर असते, आणि त्या घरात तिसरा खडा तीन दिशांनी आणता येतो. म्हणजे एका जोडीभोवती अशा सहा जागा. शिवाय मधले घर सोडून दोन सारखे आणि तिसरा त्या घराच्या वर किंवा खाली, ही दुसरी आकृती. ती नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटते. एकदा ती दिसायला लागली की पट निम्म्याने सोपा होतो.

मग येतो खालून खेळायचे की वरून, हा वाद. माझी भाची वरून खेळते, मी खालून. वर फोडले तर खालचा पट जागच्या जागी राहतो, मनात धरलेल्या पुढच्या चाली बिघडत नाहीत. खाली फोडले तर वरचा सगळा रकाना घसरतो, नवे खडे वरून येऊन पडतात, आणि त्या पडझडीत कधी कधी आपण न केलेली रांग जुळते, ती फुटते, तिच्यामुळे आणखी एक. भाचीचे म्हणणे, ते तुझे कर्तृत्व नाही, नशीब आहे. खरे आहे. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावावरचे व्याज मोजल्यावर आपल्या खात्यात काहीतरी आपोआप जमा झालेले बघायला मला आवडते, त्याला काय करणार?

ही आपोआपची साखळी हा या खेळांचा खरा मसाला आहे. नुसते कौशल्य असते तर हरल्यावर अपमान वाटला असता. नुसते नशीब असते तर कंटाळा आला असता. इथे चाल माझी आणि वरून काय पडेल ते माझ्या हातात नाही. जिंकले तर मी हुशार, हरले तर खडेच वाईट पडले. हिशेबाच्या दृष्टीने ही शुद्ध लबाडी आहे, पण दिवसभराच्या शिणानंतर अशी लबाडी करायला जागा असावी.

आणि ज्याला हे सोपे वाटते त्याच्यासाठी: 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाचे संगणकशास्त्रज्ञ टोबी वॉल्श यांनी आणि स्वतंत्रपणे तीन इटालियन संशोधकांनी दाखवून दिले की कँडी क्रश आणि बिज्वेल्डसारख्या खेळांचा पट कितीही मोठा होऊ दिला, तर ठरावीक चालींत ठरावीक गुण मिळवता येतील का, हे शोधणे गणितातल्या अत्यंत अवघड प्रश्नांच्या वर्गात जाते. या वर्गातल्या प्रश्नांना झटपट उत्तर काढायची रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. टेट्रिसबद्दल असेच त्याआधी सिद्ध झाले होते. म्हणजे मी सोफ्यावर बसून थोर गणित करते असे नव्हे. पण 'रिकामे डोके' हा शब्द लेखकाने परत घ्यावा, इतके यावरून नक्की ठरते.

निवृत्त मंडळींचा उल्लेख लेखात हिणवून आला आहे, म्हणून एका माणसाविषयी सांगायलाच हवे. ब्रॉडी लोकार्ड हा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला जिम्नॅस्ट. 1979 मध्ये ट्रॅम्पोलिनवर पडून त्याची मान मोडली आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. या तरुणाने तोंडात काठी धरून, तिने एकेक कळ दाबत, 1981 मध्ये प्लेटो नावाच्या संगणक-प्रणालीवर एक खेळ लिहिला. महजाँग या चिनी खेळाच्या 144 सोंगट्या थरावर थर रचलेल्या असतात. सारख्या दोन सोंगट्या शोधून उचलायच्या, पण उचलायची ती सोंगटी वरून झाकलेली नसावी आणि डावी किंवा उजवी, एक बाजू तरी तिची मोकळी असावी. पुढे 1986 मध्ये अॅक्टिव्हिजन कंपनीने तोच खेळ शांघाय या नावाने बाजारात आणला आणि आज त्याच्या असंख्य नकला घरोघरीच्या संगणकांवर आहेत. जोड्या जुळवायच्या या खेळाला ना चपळ बोटे लागतात ना घड्याळ. एका वेळी एक स्पर्श पुरतो. नेमबाजीच्या खेळातली 'चपळाई' ज्यांच्याजवळ उरलेली नाही, किंवा कधी नव्हतीच, त्यांनी खेळायचेच नाही काय?

माझ्या थोरल्या भावाला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. रंगांचा खेळ त्याला कसा जमणार, असे मला वाटत होते. तो बिज्वेल्ड बिनदिक्कत खेळतो, कारण तिथे प्रत्येक रंगाला आकार वेगळा आहे: लाल चौकोनी, जांभळा त्रिकोणी, पांढरा गोल. लेखकाने ज्याला विचारशून्य म्हटले त्या खेळात कोणीतरी एवढा विचार करून ठेवला आहे. उलट काही नव्या खेळांत सगळे गोळे एकसारखे गोल, फक्त रंग निराळे. ते तो दोन मिनिटांत बाजूला ठेवतो.

या खेळांमुळे ताण हलका होतो, बुद्धी तल्लख राहते वगैरे दावे मी करणार नाही. असे निष्कर्ष सांगणारी काही संशोधने खेळ विकणाऱ्या कंपनीनेच करवून घेतली होती, आणि ज्याच्या खात्याची तपासणी त्यानेच नेमलेला ऑडिटर करतो त्या खात्याकडे कसे बघायचे हे मला शिकवायला नको. एक प्रयोग मात्र मला फार आवडतो, त्यात काही विकायचे नव्हते म्हणून. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केला. लोकांना टेट्रिस खेळायला लावले आणि झोप लागत असताना विचारले, काय दिसते आहे? पुष्कळांना पडणारे ठोकळे दिसत होते. त्यांच्यात मेंदूला इजा होऊन नवी आठवणच न राहणारे पाच रुग्णही होते. आपण असा काही खेळ खेळलो आहोत हे त्यांना सांगता येत नव्हते, तरी त्यांच्यातल्या काहींच्या मिटल्या डोळ्यांपुढेही आकार पडत होते. नोकरीच्या काळात मार्चअखेर आली की मला झोपेत रकाने दिसायचे. आता खडे दिसतात. खड्यांना तारीख नसते, हा मोठाच दिलासा.

इथवर खेळाची बाजू घेतली. आता ज्या गोष्टीवर लेखकाने खरे तर तुटून पडायला हवे होते आणि जिचा त्यांनी एका शब्दाने उल्लेख केला नाही, तिच्याकडे येते.

सुरुवातीचा बिज्वेल्ड एकदा विकत घेतला की संपले. साध्या प्रकारात घड्याळ नव्हते, चालींची मर्यादा नव्हती. एकही चाल शिल्लक राहिली नाही की खेळ संपायचा, पुन्हा मांडायचा. कँडी क्रश सागा 2012 मध्ये आला तो फुकट. खेळ मुळात तोच, पण भोवती नवीन बांधकाम झाले होते. प्रत्येक लेव्हलला मोजक्या चाली. पाच लाइफ. हरलात की एक गेले, आणि ते परत यायला अर्धा तास. थांबायचे नसेल तर पैसे द्या. चाली संपल्या आणि थोडक्यात राहिले, तर पाच चाली विकत घ्या. कंपनीच्याच सांगण्यानुसार बहुतेक खेळणारे एक पैसाही देत नाहीत. तरी ही कंपनी, किंग, 2016 मध्ये 590 कोटी डॉलरला विकली गेली. फुकटच्या खेळाची ही किंमत ज्या थोड्या लोकांच्या खिशातून येते ते नेमके कोणत्या क्षणी खिशात हात घालतात, हे बघण्यासारखे आहे.

मघाशी म्हटले ते 'जवळजवळ' आठवा. पटावर ते निरागस असते: जोडी आहे, तिसरा शेजारी आहे. दुकानाने तेच उचलून लेव्हलच्या शेवटी नेऊन ठेवले. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये कँडी क्रश खेळणाऱ्यांवर प्रयोग केला. सरळ हरण्यापेक्षा अगदी थोडक्यात हरण्याने लोक जास्त वैतागले, आणि पुन्हा खेळायची सर्वांत तीव्र इच्छाही त्यांना त्याच वेळी झाली. जुगाराच्या यंत्रांबाबत हे आधीपासून माहीत होते. विक्रीची पाटी नेमकी त्याच वेळी पुढे येते.

दुसरी गोष्ट थांबवण्याची. मारिया ओव्हसियान्किना या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये केलेल्या आणि 1928 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दाखवले की हातातले काम मध्येच तोडले तर संधी मिळताच माणूस ते आपणहून पुन्हा हाती घेतो, कोणी सांगितले नसले आणि काही मिळणार नसले तरी. आमच्या डिफरन्सचे तेच होते. घरी गेले तरी डोके शाखेतच. आता विचार करा, अर्ध्या तासाच्या सक्तीच्या विश्रांतीला काही लोक 'अतिरेक टाळायची सोय' म्हणतात. मला ते काम मुद्दाम अर्धवट तोडणे वाटते. पोटभर खेळून मी स्वतः उठले असते तर परत आले नसते. मला उठवले, म्हणून परत येते.

माझ्याकडे असा एक खेळ होता. नाव देत नाही, एकाला झाकून दुसऱ्याला काढायची वेळ येईल. सुरुवातीच्या लेव्हल हसत खेळत गेल्या. मग एक अशी आली की ती वरून काय पडते यावरच अवलंबून होती. वरून खेळा, खालून खेळा, एखादाच खडा उरायचा. दरवेळी पाच चालींची पाटी. मी काही विकत घेतले नाही, पण घ्यावेसे वाटले हे नमूद करते, कारण कर्जदारांना 'हप्ते जमतील का' असे विचारण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत आणि मलाही मोह झाला. तो खेळ मी काढून टाकला आणि एकदाच पैसे घेणारा, चालींना मर्यादा नसलेला दुसरा घेतला. खडे तेच, सुख तेच. गल्ला काढून घेतल्यावर खेळाचे काहीच कमी झाले नाही, यावरून माझी खात्री पटली की या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लेखकाने त्या एकत्र धरल्या, आणि राग काढला तो खडे जुळवणाऱ्या बायकांवर.

भाचीचे मत वेगळे आहे, तेही सांगते. तिच्या मते मर्यादित चालींमुळेच विचार करावा लागतो. अमर्याद चाली म्हणजे नुसती साफसफाई. चालींच्या मर्यादेबद्दल ती बरोबर असेल. कोड्याला मर्यादा हवी. पण मर्यादा घालणाऱ्यानेच ती पैसे घेऊन सैल करायची, हे मला पटत नाही. आपल्या सुडोकूत शेवटचे घर अडले की खाली 'हा आकडा विकत घ्या' असे लिहिलेले नसते.

म्हणून एक विनंती. आपण चित्रपटांची परीक्षणे छापता, हॉटेलांची छापता, मोटारींची छापता. महिन्यातून एकदा अर्धा रकाना या खेळांना द्यावा. तारे वगैरे नकोत. एवढे लिहिले तरी पुरे: इंटरनेट बंद असताना चालतो का, लाइफची किंवा वाट बघायची अट आहे का, चाली विकतो का, जाहिरात किती वेळाने येते, रंगाशिवाय आकारानेही खडे ओळखता येतात का, अक्षर मोठे करता येते का, आणि पैसे न देता शेवटपर्यंत जाता येते का. परीक्षण करणारा स्वतः हे खेळ आवडीने खेळणारा असावा. रविवारच्या लेखाचे लेखक नसावेत.

पत्र लांबले आहे. कापायचेच असेल तर भाचीचा भाग कापावा, तिची हरकत नाही. तीनच्या हिशेबाला मात्र हात लावू नये.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी

ता. क. लेखात टेट्रिसला 'जपानी खेळ' म्हटले आहे. तो अॅलेक्सी पाजितनोव्ह यांनी मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात 1980 च्या दशकाच्या मध्यात इलेक्ट्रॉनिका 60 या यंत्रावर लिहिला. त्या यंत्रावर चित्रे काढायची सोय नसल्याने सुरुवातीचे ठोकळे कंसाच्या चिन्हांचे होते. जपानी निन्टेन्डोचा गेम बॉय 1989 मध्ये आला आणि त्याच्याबरोबर टेट्रिस दिला जाऊ लागला, त्यावरून लेखकाची गल्लत झाली असावी. पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी.